टाकीचा श्वास

सोनई,
ता. ११ फेब्रुवारी १९७३

चि. फक्रुद्दीन यास अनेक आशीर्वाद.

शाळेतल्या शाईच्या बाटलीचा आवाज तुला आठवतो का? ती मोठी काळी बाटली, खांद्याला फुगीर आणि मानेला बारीक. दौतीवर उपडी केली की आधी घशात काही अडकल्यासारखी थांबायची, मग गटक, गटक, गटक करत शाई ओकायची. निम्मी दौतीत, निम्मी माझ्या धोतरावर. एकदा मी फळ्यावर कविता उतरवून देत होतो आणि पाठीमागे शाई वाटणं चालू असूनही तो आवाज येईना. वळून पाहिलं, तर तू बुचातून दोन पोकळ बोरू आरपार खुपसून बाटली वाकडी धरली होतीस. एका बोरूतून शाई मुकाट येत होती, तेलाच्या धारेसारखी. मी विचारलं, "दुसरा कशाला?" तू म्हणालास, "त्यातनं तिला वारा जातोय, गुर्जी. वारा आत गेल्याबिगर शाई भाईर येत न्हाई." दोन चांगले बोरू नासले म्हणून मी तुला अंगठे धरून उभं केलं. आणि पुढे निवृत्त होईपर्यंत त्याच बुचाने शाई ओतत राहिलो.

हा आवाज हल्ली फार कानात येतो. का येतो ते मला ठाऊक आहे. पण ते पुढे कधीतरी.

दसऱ्यापासून तुझी खबर गनीभाईकडूनच कळते. मोसंबी आणायला तो श्रीरामपूरला जातो, तेव्हा तुझ्या मोटार दुरुस्तीच्या दुकानावर चहा घेतो म्हणाला. आपलं मोडकं विमान, तो चंडोलही तू ट्रॉलीत घालून तिकडे नेलास, हे मला त्यानेच सांगितलं. शाळेमागची शेड आता रिकामी आहे. तुझ्या तेलाचे डाग तेवढे जमिनीवर आहेत. परवा आत जाऊन उभा राहिलो, तर पंखांच्या कापडाला लावलेल्या खळीचा वास अजून येत होता. ते सगळं कापड आमच्या छबूने शिवलेलं. सून म्हणून घरात आली आणि पहिल्याच वर्षी विमानाचे पंख शिवायला बसली, असं गावातल्या बायका तिला अजून चिडवतात.

गावाचं काय सांगू. तळं तसंच कोरडं आहे. पाऊस नव्हता म्हणून तर आपल्याला ती सपाट जमीन पळवायला मिळाली होती, नाही तर चंडोल कुठून उठला असता. तेव्हा आपण दुष्काळाचे आभार मानले होते. मी तर मोठ्याने मानले होते.

सहादेव बरा आहे. चंडोल पडल्यापासून डावा पाय गुडघ्यात वळत नाही. कुबडी घेऊन दुष्काळी कामावर जातो, खडी फोडणाऱ्या बायकांना सरकारी सुकडी खायला वाटतो. बायका म्हणतात, "सायेब, तुमी बसून वाटा की." हा बसत नाही. पुण्याला विमान चालवायला शिकलेला माझा मुलगा, आता वर बघत नाही. घार आली तरी बघत नाही. तुझं नाव घरात निघत नाही. दवाखान्यात तो तुला म्हणाला, "फक्रूभाई, तुझ्या नळीनं माझा पाय खाल्ला, मला तोंड दाखवू नको," ते तापाच्या भरात म्हणाला, असं मी सगळ्यांना सांगतो. त्याला ताप नव्हता, हे तुला आणि मला माहीत आहे.

ती नळी. टाकीत परत येणारी. तू मला शेडात बसवून समजावलं होतंस की इंजिनाला लागतं त्याहून जास्त पेट्रोल पंप ओढतो, आणि उरलेलं त्या बारीक नळीने टाकीत परत येतं. "साचलं की तापतं गुर्जी, फिरतं ऱ्हायलं की गार ऱ्हातं." मला ते वाक्य इतकं गोड लागलं की मी घरी येईपर्यंत ते चालीवर म्हणत आलो.

दोष त्या नळीचा होता असं सगळे म्हणतात. तूही मान खाली घालून ऐकून घेतलंस. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, हे विचारू नकोस. म्हाताऱ्याला वाटतं, एवढंच समज.

सुरय्याला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
कानिफनाथ गुरुजी

*

सोनई,
ता. ४ मार्च १९७३

चि. फक्रुद्दीन यास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून माझ्याच वळणाचं आहे, 'ळ'चं पोट तेवढं जास्त फुगवतोस. कार्ड वाचून मला बरं वाटायला हवं होतं. तू लिहितोस, "तुमच्या पत्राने जीव हलका झाला." आणि पुढे जे लिहितोस, त्याने माझा जड झाला.

परतीची नळी तू काढून टाकलीस. तिच्यातून पेट्रोल गरम होऊन फेसाळत आलं असणार, पंपाला पेट्रोलऐवजी फेस मिळाला असणार, म्हणून इंजिन बंद पडलं, असं तू ठरवून बसलास. टाकीला जिथे ती नळी लागायची ते तोंडही कथलाचा डाग देऊन बुजवलंस. आणि चंडोल पुन्हा उभा करून ह्या खेपेला त्यात तू स्वतः बसणार. "दुसऱ्याचं पोर बसवणार नाही."

अरे, तू हवाई दलात विमानं उघडलीस आणि मिटलीस. उडवलीस कधी? चूल दुरुस्त करून कुणी स्वयंपाकी होतो का?

आणि साचलं की तापतं, हे तुझंच ना? नळी काढल्यावर पेट्रोल कुठून फिरणार? चैत्रात श्रीरामपूरचा पत्रा हात लावू देत नाही. इंजिनाशेजारी नळीत उभं राहिलेलं पेट्रोल उकळेल की नाही? गनीभाईला मी हे तुला विचारायला सांगितलं होतं. तो परत येऊन म्हणाला, "गुर्जी, तुमचा फक्रू लई येडा मानूस हाय. म्हंतो, दोन धोके हायेत, त्यातला ल्हान धोका घेतो." म्हणजे तुलाही कळतं आहे. फक्त मोठा धोका कुठला, ते तू चुकीचं धरलं आहेस.

म्हणून आज थोडं लिहितो.

दसऱ्याची सकाळ आठव. आपल्याकडे त्या दिवशी कोयत्यापासून एस.टी.पर्यंत सगळ्याला हार पडतो. झेंडू त्या साली औषधाला नव्हता, मुलींनी कागदाची फुलं केली होती. परवानगीचे कागद यायचे होते, म्हणून चंडोल नुसता तळ्यात पळवायचा, उचलायचा नाही असं ठरलं होतं. आणि ते कुणीच पाळणार नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तू इंजिन चालू करून पाहिलंस, बंद केलंस, आणि सगळ्यांना बजावलंस की टाकीच्या टोपणाला हात लावू नका. "त्याला भोक हाय. टाकी त्यातनं श्वास घेती."

टाकी श्वास घेते. मला तिथेच दोन ओळी सुचल्या. त्या मी नंतर घोळक्यात म्हटल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या:

श्वास घे रे चंडोला, भरून घे छाती,
खाली राहू दे आमची तापलेली माती.

तू पुढेही काही सांगत होतास. मला ते ऐकू आलं नाही. मी 'छाती'ला यमक शोधत होतो.

मग पूजा झाली. टाकीचं टोपण वर दिसत होतं, पितळी, गोल, कपाळासारखं. छबूने त्यावर कुंकू लावलं. आता मला अशी शंका येते की त्या कुंकवाने ते बारीक भोक बुजलं असेल. वारा आत गेला नसेल. शाईच्या बाटलीसारखं झालं असेल. असं झालं असलं, तर नळी निर्दोष आहे. ती परत बसव.

ही शंका आहे. छबूला यातलं काही माहीत नाही, आणि कळू द्यायचं नाही. सहादेवालाही.

तुझा,
गुरुजी

*

सोनई,
ता. २८ मार्च १९७३

चि. फक्रुद्दीन,

तुझं उत्तर वाचलं. दोनदा वाचलं. "गुर्जी, तुम्ही कवी माणूस. मला बरं वाटावं म्हणून रचून लिहिताय, ते कळतं. पण टोपण मी दुसऱ्या दिवशी स्वतः पाहिलं. भोक मोकळं होतं. फुंकर मारून पाहिली. कुंकू कडेला लागलेलं होतं, भोकात नव्हतं. वहिनीवर उगाच संशय घेऊ नका."

वहिनीवर संशय घेऊ नका. हे तू मला लिहावंस.

ठीक आहे. शंका सोडून दे. पण उडू नकोस. मी तुझा गुरू म्हणून आज्ञा करतो, असं गनीभाईकडे सांगून पाठवलं होतं. त्यावर तू जे म्हणालास, ते त्याने हसत हसत माझ्या ओट्यावर सांगितलं. "गुर्जींना सांगा, अंगठे धरायचं वय गेलं." मीही हसलो. गनीभाई म्हणाला, "त्यानं तुमच्या पोराचा पाय घालवला, न् तुमी त्याच्यासाठी जीव टाकता. तुमच्यावानी मानूस न्हाई." मी त्याला आतून मोसंबीची रिकामी टोपली आणून द्यायच्या निमित्ताने उठलो. टोपली समोरच होती, तरी शोधत राहिलो.

तू म्हणशील, म्हातारा एस.टी.त बसून येत का नाही. मी दोनदा स्टँडवर गेलो. श्रीरामपूरची गाडी लागली, कंडक्टरने विचारलं, "गुर्जी, यायचं का?" मी म्हटलं, कुणाला तरी घ्यायला आलो होतो. तुझ्यासमोर बसलो की तू चहा मागवशील, बाकावरची धूळ रुमालाने झटकशील, आणि मी तुला जुन्या कविता म्हणून दाखवायला लागेन. मी स्वतःला ओळखतो. कागदावर खोडता येतं, म्हणून कागदावर थोडंफार खरं लिहितो.

छबूचं सांगतो, म्हणजे तुला कळेल मी कुठे अडकलो आहे. तिला दिवस गेले आहेत. सहादेव आता तिच्याशी थोडं बोलतो. परवा शेजारची लंकाबाई आली होती. पाय गेला, नोकरी गेली, पोराचं कसं व्हायचं, असं सुरू झालं. छबू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाय गेला, मावशी. मानूस न्हाई गेला. एवढ्या उंचावनं पडून कोन वाचतं? मी कुकू लावलं हुतं त्या टाकीला. त्यानं राखलं." लंकाबाईने हात जोडले. मी पेपर तोंडासमोर धरला होता. त्यातली एक ओळ मला वाचता आली नाही.

तिचा सगळा संसार त्या एका वाक्यावर उभा आहे, फक्रू. ते मी कसं काढून घेऊ?

नळी परत बसव. कारण विचारू नकोस. बसव.

गुरुजी

*

सोनई,
ता. १३ एप्रिल १९७३, शुक्रवार

फक्रुद्दीन,

गनीभाई आज सांगत आला की रविवारी सकाळी तू उडणार. साखर कारखान्याच्या पलीकडचं नांगरलेलं रान लोकांनी फळी मारून सपाट करून दिलं आहे. नळी बसवली का, विचारलं. "न्हाई. हट्टाला पेटलाय." टपालाने आता पत्र पोचणार नाही. उद्या सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात हे देणार आहे. म्हणून आज सगळं लिहितो. मागच्या पत्रांत जे जे अर्धं लिहिलं, ते पुरं करतो. खोडणार नाही.

कुंकू छबूने लावलं, असं मी लिहिलं. ते खरं आहे. पण ते पहिलं कुंकू.

तू इंजिन चालू करून बघत होतास तेव्हा टोपणाच्या भोकातून पेट्रोल थेंब थेंब बाहेर येत होतं. परतीची नळी टाकीत नेमकी टोपणाच्या खाली उघडत होती, टाकी काठोकाठ भरलेली, ऊन चढलेलं. आलेलं पेट्रोल टोपणावर उडायचं आणि भोकातून बाहेर यायचं. तू ते पाहिलं होतंस. "थोडं खाली गेलं की थांबल," म्हणालास. मग इंजिन बंद करून तू सहादेवाला पट्टे बांधायला गेलास, तरी उन्हाने फुगलेलं पेट्रोल झिरपतच होतं, आणि छबू माझ्याकडे आली. "मामंजी, कुकू वाहून चाललंय." पाहिलं तर खरंच, तांबडा ओघळ टोपणावरून पत्र्यावर, पत्र्यावरून खाली. तिचा नवरा त्यात बसायचा होता. तिने पुन्हा लावलं, पुन्हा वाहिलं. आजूबाजूच्या बायकांनी ते पाहिलं. त्यातल्या रंगुबाईने तोंडाला पदर लावला.

तिने पुसून टाकून सोडून दिलं असतं, फक्रू. ती म्हणालीही, "ऱ्हाऊ द्या का?" मी म्हटलं, "राहू द्यायचं कसं? कपाळावर कुंकू टिकायला तुम्ही काय करता? आधी मेण लावता ना? आण तुझा करंडा."

तिने करंड्यातलं मेण आणलं. ते कडक होतं. मी तळहातावर घेऊन उन्हात मऊ केलं. टोपण धोतराच्या सोग्याने कोरडं पुसलं आणि ते मेण माझ्या अंगठ्याने त्यावर दाबून बसवलं. चांगलं दाबलं. कडा सारख्या केल्या. मग तिने वर कुंकू लावलं, आणि ते टिकलं. एक थेंब बाहेर आला नाही. बायका हसल्या. मी म्हटलं, "बघा, आता कसं सवाशिणीसारखं दिसतं." आणि माझ्या त्या दोन ओळी तेव्हा म्हटल्या. श्वास घे रे चंडोला. अंगठा मेणाने तेलकट होता, तो धोतराला पुसत म्हटल्या.

भोक आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. तू सांगितलं होतंस. शाळेतही सांगितलं होतंस. मी ऐकलं, पण कवितेसारखं ऐकलं.

मग तो उठला. तुला आठवतं ना, तळ्याच्या त्या टोकाला चाकं जमिनीवरून सुटली. सगळी माणसं नुसती वर बघत राहिली. त्याने एक फेरी घेतली, दुसरी घेतली. मला वाटत होतं, आता मेलो तरी चालेल. मग इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, आणि गप्प झालं. खालच्या लोकांना वाटलं उतरतो आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तू एकटा पळत सुटलास.

तळ्याच्या भरावावर तो आपटला. तुम्ही सगळ्यांनी सहादेवाला बाहेर काढून बैलगाडीत घातलं, छबू गाडीमागे पळाली, तू चाकाला हात लावून पळालास. मी मागे राहिलो. माझ्याच्याने पळवेना. चंडोल एका अंगावर पडला होता. टाकीचा पत्रा दोन्ही बाजूंनी आत ओढला गेला होता, गाल बसावेत तसा. सगळे म्हणाले, आपटून चेपली. तूही म्हणालास. पण आपटलेला पत्रा एका बाजूने चेपतो ना? आणि वर ते तांबडं कुंकू जसंच्या तसं, एवढ्या आपटण्यातही न हललेलं.

मी नखाने मेण खरवडलं.

विचार न करता खरवडलं, असं लिहिणार होतो. तसं नाही. मला त्या क्षणी बाटलीचा आवाज आठवला होता, आणि काय झालं ते पूर्ण कळलं होतं. कुणी येण्याआधी खरवडायचं, एवढा विचार मी केला. नख भोकावरून गेलं, आणि टाकीने श्वास घेतला. सूंऽऽ असा लांब, मूल रडून थकल्यावर घेतं तसा. बराच वेळ घेत होती. मग चेपलेला पत्रा टणकन वाजून थोडा वर आला. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं.

कडेचं कुंकू तेवढं राहू दिलं. सगळंच पुसलं असतं तर संशय आला असता. भोकात एक काडी फिरवून ते मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी तू फुंकर मारून पाहिलीस ते भोक मी साफ केलेलं आहे. तू मला विचारलंस, "गुर्जी, टोपनाला कुनी हात लावला व्हता का?" मी म्हटलं, "नाही रे." तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, इतका तुझा विश्वास. लगेच वाकून नळी सोडवून तपासायला लागलास. मी तुझ्यासाठी कंदील धरला.

माझ्या धोतराला तांबडं लागलं होतं. छबू ते धुताना ऊर बडवून रडली. तिला वाटलं, सहादेवाचं रक्त आहे.

मी छबूला सांभाळण्यासाठी गप्प आहे, असं स्वतःला सांगत आलो. मागच्या पत्रात तुलाही तेच सांगितलं. पण 'छबूने कुंकू लावलं' हे वाक्य लिहायला माझा हात अडला नाही. 'मी मेण दाबलं' लिहायला हा चैत्र उजाडला. म्हणजे मी कुणाला सांभाळत होतो ते तूच बघ. तू गाव सोडून गेलास, तुझ्या म्हाताऱ्या बापाने विकत घेतलेलं घर बंद पडलं, माझ्या मुलाने तुला तोंड दाखवू नको म्हटलं, आणि मी प्रत्येक वेळी मान हलवली. लोक मला थोर मनाचा म्हणाले. मी ते ऐकून घेतलं.

तू मला माफ कर असं मी लिहीत नाही. सहादेवाला काय सांगायचं ते मी बघेन. पण नळी परत बसव. तुझी नळी बरोबर होती. तिचं टाकीतलं तोंड टोपणापासून दूर घे, म्हणजे पेट्रोल बाहेर उडणार नाही, आणि टोपणाचं भोक मोकळं ठेव. एवढीच दुरुस्ती होती. ती तू पहिल्याच दिवशी केली असतीस, मी खोटं बोललो नसतो तर. आणि बसवल्यावरही, रविवारी उडू नकोस. एखादा शिकलेला माणूस बघ. मी आज्ञा करत नाही, हात जोडतो.

हे पटलं नाही, रचलेलं वाटलं, तर टाकीचा पत्रा आठव. दोन्ही बाजूंनी आत. असं मला रचता येत नाही. माझ्या कविता तू वाचल्या आहेस.

*

शनिवार, सकाळ

पत्र बंद करायला घेतलं होतं. एस.टी.ला वेळ आहे म्हणून पुन्हा वाचत होतो. दार वाजलं. मला वाटलं, गनीभाई.

दारात सुरय्या उभी आहे. तुझी सुरय्या. पहाटेच्या पहिल्या गाडीने आली, डोक्यावरचा पदर धुळीने तांबूस झालेला. दसऱ्यानंतर तिने सोनईत पाऊल टाकलं नव्हतं. दवाखान्यात सहादेव तुला बोलला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, ते मला आठवतं. आज उंबऱ्याच्या बाहेरच थांबली आणि म्हणाली, "आत येऊ का, गुर्जी? का न्हको?"

तू तिला पाठवलेलं नाहीस म्हणे, ती स्वतःच आली. "ते कुनाचंच ऐकंनात. मी रडले, अम्मी रडली. म्हन्त्यात, माझ्या हातनं एक पाय गेलाय, त्यो मीच फेडनार. तुमची पत्रं आली की वाचत्यात, हासत्यात, फळीवर ठिवत्यात. म्हन्त्यात, गुर्जींचं काळीज लई मोठं, मला वाचवाया कायबी लिव्हत्यात. गुर्जी, त्यांला पटंल असं कायतरी लिव्हा. न्हाईतर तुमीच चला."

मी म्हटलं, "लिहिलं आहे."

"मग द्या. मी नेते. काय लिव्हलंय?"

मी कागद पुढे केला. तिने तो उलटा धरला, आणि परत दिला. "मला कुठं वाचाया येतंय. तुमीच वाचा. मला सगळं कळाया पायजे, म्हंजी मी त्यांच्या म्होरं उभं ऱ्हाऊन बोलंन."

छबू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुरय्याला बघून क्षणभर थबकली. मग तिने तिला हाताला धरून आत घेतलं, खाली बसवलं, आणि पोटावर हात धरून हळूच तिच्या शेजारी टेकली. "कुनाचं पत्र, मामंजी? फक्रूभाईंना? वाचा की. मी बी ऐकते."

सहादेव कामावर गेला आहे. घरात आम्ही तिघंच. सुरय्याने तांब्या तोंडाला लावलेला नाही, ती माझ्याकडे बघते आहे. श्रीरामपूरची गाडी थोड्या वेळात लागेल. वाचून झालं, आणि ते ऐकूनही छबूने मला चपला घालून ह्या घरातून निघू दिलं, तर मी सुरय्याबरोबर येतो.

फक्रू, आता लिहीत नाही. दोघी वाट बघताहेत.